विमानात बाळ सोबत असताना: अनुभव धागा

मेच्या सुट्टीत बरेच जण तान्ह्यांना घेऊन उडणार आहेत. बाळ रडलं तर काय करावं, यावर बोलून बोलून झालंय. हा धागा सुरक्षिततेचा: पट्टा, सीट, मास्क, कान, गरम चहा. ज्यांनी प्रवास केलाय त्यांनी लिहा. औषधांचे डोस मात्र इथे नकोत.

मीनल, न्यू जर्सी
लेक दीड वर्षाची असताना तिला कारसीटसकट, म्हणजे गाडीत बाळाला बांधायच्या खुर्चीसकट, मुंबईला आणलं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं, त्यामुळे तिचं वेगळं तिकीट सासूबाईंना उधळपट्टी वाटली. पण अमेरिकेतली विमान वाहतुकीची सरकारी यंत्रणा एफएए स्वतःच सांगते, बाळाला त्याच्या सीटवर बांधा. कारसीट विमानात चालते की नाही हे तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं असतं. सहसा खिडकीशी लावायला सांगतात, म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही. रुंदी घरीच मोजून घ्या. ओळखीच्या खुर्चीत लेक झोपलीही, हा वरचा फायदा.

पूर्वाश्रमीची केबिन क्रू
‘आम्ही घट्ट धरू की!’ हे मी फार ऐकलंय. जोराचा धक्का बसला की कुणाचेही हात सुटतात, त्यात पैलवान-बिलवान काही नसतं. 1989 मध्ये अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं 232 क्रमांकाचं विमान कोसळलं. मांडीवरच्या चार मुलांना पायाशी जमिनीवर ठेवून धरा, अशी सूचना तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे दिली गेली. चारांतलं एक गेलं. सूचना देणाऱ्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन त्यानंतर वर्षानुवर्षं बाळांच्या स्वतंत्र सीटसाठी झगडल्या. सक्ती काही झाली नाही. तिकीट घ्यावं लागलं तर लोक गाडीनं जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील, असं सरकारचं म्हणणं. हिशेब म्हणून कळतं, पटत नाही.

आपल्याकडे मांडीवरच्या बाळासाठी जादा पट्टा देतात, तो आईच्या पट्ट्यात ओवायचा. दिला नाही तर मागा. आपलाच पट्टा दोघांभोवती कधीही आवळू नका, आपलं सगळं वजन बाळावर येतं. बॅसिनेटमध्ये, म्हणजे विमानातल्या पाळण्यात, झोपलेलं बाळ पट्ट्याचा दिवा लागला की उचलायचंच. जिवावर येतं, पण उचलायचं.

नागपूरची आजी
सूनबाईनं मला खिडकीशी बसवलं, नातू मधे, ती वाटेकडे. कडेला बसलेल्या पोराचे हातपाय ट्रॉलीत सापडतात म्हणे. मी चहा मागितला तर म्हणाली, ‘आई, पोरगं माझ्याकडे आलं की मग घ्या.’ रागच आला होता. थोड्या वेळानं विमान असं हादरलं की पुढच्या काकांचा कप त्यांच्याच सदऱ्यावर! मग मी गपगुमान पाणी प्यायले.

बालरोगतज्ज्ञ, सातारा
कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. कानाच्या आतली नळी लहान मुलांत अरुंद, बाहेरचा दाब वाढला की तो सारखा व्हायला वेळ लागतो. विमान टेकायच्या अर्धा तास आधीपासून ते खाली येत असतं, तेव्हा अंगावर पाजा किंवा बाटली द्या. आधीच पोट भरून ठेवलंत तर नेमक्या वेळी बाळ तोंड फिरवतं. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध पाजणं बंद करा, काही मुलं त्यानं उलट जास्त बिथरतात. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ असते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या किंवा हृदय-फुप्फुसाचा त्रास असलेल्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारा.

पेडण्याचा बाबा
मुलगा तीन वर्षांचा. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून निघताना तिकिटावर आम्ही तिघे तीन टोकांना! 2024 मध्ये डीजीसीएनं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकानं, सांगितलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एका तरी पालकाशेजारी जागा द्यायची. काउंटरवर शांतपणे तेवढंच बोललो, जागा बदलून मिळाली. वाद घालावा लागला नाही.

जुळ्यांची आई
आम्ही दोघं, मांडीवर दोन बाळं. शेजारी-शेजारी बसू देतील ना?

पूर्वाश्रमीची केबिन क्रू
बहुधा नाही. सीटच्या एका गटावर साधारण एकच जादा ऑक्सिजन मास्क असतो, म्हणून तिथे एकच तान्हं. वाटेच्या अल्याड-पल्याड मागा, सामान एकमेकांना देता येतं. आणि मास्क खाली आलेच तर आधी स्वतःचा लावा. विमान उडतं त्या उंचीवर मास्कशिवाय शुद्ध जेमतेम अर्धा-एक मिनिट टिकते.