आरशाचा ‘पारा’ उडतो की ‘कलई’ जाते?

प्रश्न : महिनाभर झाला, काचेच्या दुकानात काम शिकतोय. काल एका काकूंनी बाथरूममधला आरसा आणला. कडेनं काळी किनार, मधेही काळे डाग. काकू म्हणाल्या, “कलई गेली.” मिस्त्री म्हणाले, “पारा उडाला.” पाठीमागे बघतो तर नुसता करडा रंग. यातलं बरोबर काय?

उत्तर : दोघंही बरोबर, फक्त उशिरा आले! पूर्वी कथलाचा पातळ पत्रा पसरून त्यावर पारा ओतायचे आणि वरून काच दाबून ठेवायचे. कलई म्हणजे मुळात कथीलच. भांड्यांना लावतात तीच. म्हणजे एकाच जुन्या आरशाचा अर्धा भाग काकूंनी धरला, अर्धा मिस्त्रींनी. पाऱ्याची वाफ कारागिरांच्या जिवावर यायची. १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला काचेवर चांदीचा थर बसवता येतो असं दिसलं, आणि पुढे पारा मागे पडला. आजच्या आरशात काचेमागे चांदी, अनेकदा तिच्यावर तांबं आणि शेवटी रंग. तुला दिसला तो हा रंग.

— : मग “चांदी गेली” म्हणायला हवं. पण तसं म्हटलं तर गिऱ्हाईक पैंजण शोधायला लागेल. बोलण्यात ‘पारा’च राहू दे. मात्र ‘पारा चढला’शी याचा संबंध जोडू नका, तो थर्मामीटरमधला.

— : आमच्याकडे मालवणीत ‘आरसो’. आजी मात्र ‘ऐना’ म्हणायची. ‘आरसा’ संस्कृत ‘आदर्श’वरून आला, ‘ऐना’ फारसीतून. वस्तू एकच.

— : शब्द राहू दे, डागांचं बघ. कडेची किनार ओलीमुळे येते. कापलेल्या कडेतून पाणी रंगाखाली शिरतं आणि चांदी काळवंडते. मधले डाग बहुधा सिलिकॉनचे, म्हणजे आरसा भिंतीला चिकटवायच्या गोंदाचे. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशामागे कधीच वापरू नकोस, त्यातलं आम्ल रंग भेदून चांदीपर्यंत पोचतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघून घे.

प्रश्नकर्ता : आज आरसा उलटा करून पाहिला. मागे सिलिकॉनचे पाच थापे, पुढून मधले डागही बरोबर पाच. मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट मोजलं आणि म्हणाले, “हं. पाच ठिकाणी पारा उडालाय.”