एमडी पेडियाट्रिक्स करून लसीकरण / पब्लिक हेल्थमध्ये गेलेलं कोणी आहे का इथे?

पेड्स_निवासी

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात पेड्सच्या थर्ड इयरला आहे. परीक्षा तोंडावर आलीये आणि घरी सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की बॉन्डचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष संपलं की तालुक्याला हॉस्पिटल टाकायचं, बाबांनी जागासुद्धा बघून ठेवलीये. माझं मन मात्र तिकडे लागत नाहीये.

मागच्या एप्रिलमध्ये अकरा महिन्यांची एक मुलगी आली, गोवर आणि त्यावर न्यूमोनिया. आईवडील ऊसतोडीचे, पट्टा पडल्यावर नुकतेच गावी परतलेले. व्हिटॅमिन ए दिलं, अँटिबायोटिक, ऑक्सिजन, शेवटी व्हेंटिलेटर, चार दिवस झगडलो आणि ती गेली. नंतर कागद करताना आईने पिशवीतून कार्ड काढून दिलं, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेलं, एक कोपरापण दुमडलेला नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे सगळे डोस वेळेवर, तारखा लिहिलेल्या. नऊ महिन्यांची, म्हणजे गोवराच्या लसीची ओळ कोरी. तेव्हा ते फडावर होते, कारखान्याजवळच्या कोपीत (ऊसतोड्यांच्या झोपडीत). ज्या आईने कार्ड एवढं जपलं तिला लस नको होती असं कोण म्हणेल?

तेव्हापासून वाटतंय की मी वॉर्डात जिथे उभी आहे तिथे पोर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. पण पब्लिक हेल्थ म्हणजे पीएसएमवाल्यांचं (कम्युनिटी मेडिसिनवाल्यांचं) काम, पेड्सची सीट वाया घालवतेस, असं सगळे म्हणतात. क्लिनिकल हात जातो का? मार्ग कुठला? आणि घरच्यांना काय सांगू? ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा प्लीज.

फिरता_डॉक्टर

ताई, मी पेड्स केलं आणि मग पोलिओच्या कामात एसएमओ म्हणून गेलो, सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर. पहिली पोस्टिंग बिहारमध्ये कोसीच्या खोऱ्यात, पावसाळ्यात अर्धी गावं होडीने गाठायची. २००९ मध्ये देशात पोलिओच्या ७४१ केसेस होत्या, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये फक्त एक, १३ जानेवारीची, हावड्याची. त्यानंतर शून्य. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा मी आणि माझा ड्रायव्हर दोघं रस्त्यात गाडी थांबवून रडलो होतो, हे लिहिताना पण डोळे भरून येतायत.

क्लिनिकल हाताचं विचारलंस ना, तर ऐक. १५ वर्षांखालच्या कुठल्याही पोराचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की ती एएफपीची केस, कारण काहीही असो कळवायचीच आणि तपासायचीच. आता समोर चार वर्षांचा मुलगा, पाऊल ओढत चालतोय, आई म्हणते तापात सुई दिली होती कुल्ल्यावर. सुईने नस दुखावली, की जीबी (गियाँ-बारे, नसांचा आजार) आहे, की पोलिओ? घरात कंदिलाच्या उजेडात आज्जीच्या मांडीवर बसलेल्या रडणाऱ्या पोराचे रिफ्लेक्स काढायचे असतात, गुडघ्याचा येतो का, घोट्याचा येतो का, आणि पोर साथ देत नाही. हे तुला येतं, कारण तू तीन वर्षं रोज तेच केलंयस. मग १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने, २४ तासांच्या अंतराने, अंगठ्याच्या पेराएवढे, बर्फात लॅबला. ६० दिवसांनी पुन्हा त्याच दारात जायचं आणि बघायचं की कमजोरी राहिली का. हात जात नाही, उलट तो फक्त पोराच्या अंगावर ठेवून काम भागतं, बाकी काही मशीन नसतं तिथे.

जातं ते वेगळंच. आयसीयूची सवय जाते, सेंट्रल लाइन वगैरे दोन वर्षांत विसरशील. आणि आईबापांचं थँक्यू जातं. वॉर्डात बरं झालेलं पोर पेढे घेऊन येतं, इथे ज्या मुलाला पोलिओ झाला नाही त्याला माहीतच नसतं की त्याला काय झालं असतं. मला याचा पहिली दोन वर्षं खूप त्रास झाला, तुझी तयारी असू दे.

तालुका_आरोग्य

मी टीएचओ (तालुका आरोग्य अधिकारी) आहे, मूळ एमबीबीएस, नंतर डीपीएच (पब्लिक हेल्थचा डिप्लोमा) केलं. वरच्या सरांचं काम करारावरचं होतं, सरकारी नोकरीचं गणित वेगळं, म्हणून सांगतो. आपल्याकडे पेड्सवाला सरकारीत आला की त्याला थेट एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष) नाहीतर जिल्हा रुग्णालयात टाकतात, आणि तिथे गरज आहेच त्यात वाद नाही. लसीकरणाचं काम जिल्ह्यात माता बाल संगोपन अधिकाऱ्याकडे असतं, तिथे पोचायला वेळ लागतो आणि मधे भरपूर मीटिंगा, व्हीसी, एक्सेल शीट. माझा पगार एकदा चार महिने लटकला होता, घरचं लोन चालू असताना, त्यामुळे घरच्यांची भीती खोटी नाहीये ताई, त्यांना समजून घ्या.

पण खरं काम कुठे बिघडतं ते बघायचं असेल तर लसीकरण सत्राच्या दिवशी सकाळी साडेसातला पीएचसीच्या फ्रीजपाशी उभं राहा. सगळ्यांना वाटतं की लस गरम झाली की खराब होते. गोठली तरी होते! पेंटा, हिपॅटायटिस बी ह्या एकदा गोठल्या की गेल्या. डीप फ्रीजरमधून काढलेला आइसपॅक तसाच कॅरिअरमध्ये घातला तर बाटली त्याला चिकटून गोठते, वितळल्यावर पहिल्यासारखीच दिसते आणि पोराच्या मांडीत जाते, कार्डावर टिक होते, संरक्षण मात्र मिळत नाही. म्हणून पॅक बाहेर ठेवायचा, घाम फुटेपर्यंत, आणि कानाशी धरून हलवायचा, आत पाण्याचा आवाज आला की मगच भरायचा. सकाळच्या घाईत ती दहावीस मिनिटं कोणाला थांबवत नाहीत. मी नवीन एमओला (मेडिकल ऑफिसरला) पहिल्या दिवशी हेच शिकवतो, बाकी सगळं नंतर.

ऊसतोडीच्या पोरांचं तुम्ही लिहिलंय ते वाचून गलबललं. गाव बीडचं, कारखाना सांगली-कोल्हापूरकडे, यादी गावच्या आशाकडे आणि पोर दुसऱ्याच जिल्ह्यात. गावात 'स्थलांतरित' म्हणून शेरा पडतो आणि तिकडे त्याचं नावच नसतं. आता यू-विनमुळे (लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदणीमुळे) नोंद कुठेही बघता येते पण मुळात कोपीपर्यंत कोणी गेलं तरच ना. आम्ही मागच्या हंगामात मुकादमांचे फोन नंबर घेतले, कोणती टोळी कुठे उतरली ते विचारलं, आणि संध्याकाळी सहानंतर गेलो, कारण दिवसा सगळे फडात. एका संध्याकाळी एकाच तळावर ९ पोरं सापडली ज्यांचा गोवर-रुबेला राहिला होता. एकाही आईने नाही म्हटलं नाही.

सिस्टर_उपकेंद्र

मी एएनएम (उपकेंद्राची आरोग्यसेविका) आहे, २१ वर्षं झाली. जास्त लिहिता येत नाही पण सांगते. लस दिल्यावर ताप येतो, गाठ येते, आणि वस्तीत एखादं लेकरू त्याच आठवड्यात दुसऱ्याच कशाने आजारी पडलं की पहिलं बोट आमच्याकडे. माझ्यासोबत झालंय, वीस-पंचवीस माणसं उपकेंद्रावर आली होती. तेव्हा जिल्ह्याहून बालरोगतज्ज्ञ मॅडम आल्या. आधी त्या लेकराच्या घरी गेल्या, त्याला तपासलं, आजीशेजारी जमिनीवर बसून सांगितलं की हे लसीचं नाही, हगवणीने पाणी कमी झालंय, आणि स्वतःच्या हाताने वाटीचमच्याने ओआरएस पाजत बसल्या तासभर. पुढच्या सत्राला तीच आजी शेजारच्या दोन सुना घेऊन आली. मी सांगून ऐकलं नसतं कोणी. तुम्ही या मॅडम. लहान लेकरांचे डॉक्टर आमच्या बाजूला उभे राहिले की आम्हाला लई बळ येतं.

बालरोग_सातारा

मी थोडा वेगळा सूर लावतो. २४ वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि मला वाटतं सोडायची गरज नाही, दोन्ही जमतं. जिल्ह्याच्या एईएफआय कमिटीवर बालरोगतज्ज्ञ लागतोच, लसीनंतर काही गंभीर झालं तर कारण शोधायला. सिस्टरांनी लिहिलंय तेच काम. शिवाय ताप-पुरळ घेऊन आलेलं पोर आधी आमच्यासारख्यांकडे येतं, आम्ही 'व्हायरल' लिहून सोडून दिलं तर गोवराची साथ महिनाभर कोणाला कळत नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत, भिवंडीत, मालेगावात गोवर किती पसरला ते सगळ्यांनी पाहिलंय. गोवराला दोन्ही डोसचं कव्हरेज ९५ टक्क्यांच्या वर लागतं, चार घरं सुटली की तो तिथेच शिरतो.

आणि पेड्सची सीट वाया जाते म्हणणाऱ्यांना वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांचं नाव सांग. ते मूळचे बालरोगतज्ज्ञ, नंतर व्हायरॉलॉजीत गेले, आणि पोलिओवर त्यांनी केलेलं काम साऱ्या देशाला उपयोगी पडलं.

फिरता_डॉक्टर

सर, आदर ठेवून सांगतो, दोन्ही जमतं हे मला पटत नाही. कमिटीची मीटिंग ओपीडी सांभाळून होते, कोपीवर संध्याकाळी सहाला जाणं होत नाही, कारण तीच तुमची ओपीडीची वेळ. बाकी तुमचा ताप-पुरळचा मुद्दा शंभर टक्के मान्य, कळवणारे खाजगी डॉक्टर नसते तर आमच्या निम्म्या केसेस सापडल्या नसत्या.

ताई, मार्गाचं राहिलं. दिल्लीला एनसीडीसीचा (केंद्राची रोगनियंत्रण संस्था) ईआयएस प्रोग्रॅम आहे दोन वर्षांचा, साथीचा तपास हातात धरून शिकवतात. चेन्नईच्या एनआयईला (साथरोगशास्त्राची राष्ट्रीय संस्था) आणि त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन सेंटरला एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) होतं. पण फॉर्म भरायची घाई करू नकोस, आधी बॉन्डचं वर्ष अशा जिल्ह्यात माग जिथून टोळ्या जातात किंवा जिथे येतात. एक पूर्ण हंगाम बघ.

पेड्स_निवासी

सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचलं सगळं, आणि सिस्टर तुमचं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही पण रात्री बाबांना म्हणाली की जागेचा इसार एवढ्यात देऊ नका.

टीएचओ सर, बॉन्डसाठी तुमच्या भागातला जिल्हा मागायचा विचार आहे. टोळ्या दिवाळीनंतर उतरतात ना? परीक्षा त्याआधी संपतेय. मुकादमांची यादी कशी केली, फोनवर कोण बोललं, पहिल्या वेळेला त्यांनी नंबर दिले का, हे जरा सविस्तर लिहाल का? आणि संध्याकाळी सहानंतर कोपीवर उजेड नसतो, तेव्हा लस देताना बॅटरी कोण धरतं?

तालुका_आरोग्य

बॅटरी आशाताई धरतात, आणि पोराला आईने उराशी धरायचं, मांडी तेवढी मोकळी. यादीचं रविवारी नीट लिहितो, त्यात बरंच आहे. तुमचा पेपर कधी संपतोय ते कळवा, नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीला गाडीत जागा ठेवतो.