'नाइन परफेक्ट स्ट्रेंजर्स': माशाला माफ करायचं का? (कथानक फुटेल, वाचायची असेल तर थांबा)

पानगळ:
लियान मोरिआर्टीची ही कादंबरी (२०१८) परवा संपवली. ऑस्ट्रेलियात आडबाजूला असलेलं ट्रँक्विलम हाउस, नऊ पाहुणे, दहा दिवसांचं शिबिर. आल्या आल्या सामान तपासून फ्रान्सिस नावाच्या पाहुणीची वाइन आणि चॉकलेटं काढून घेतात, मग पाच दिवस मौन. इथवर मला काहीच खटकलं नाही. इगतपुरीला धम्मगिरीत मी विपश्यनेला दहा दिवस बसले आहे. तिथेही फोन जमा करतात, आर्य मौन दहाव्या दिवशी सुटतं. पण हे सगळं फॉर्म भरतानाच सांगतात, आपण समजून-उमजून हो म्हणतो. शिबिर चालवणारी माशा मात्र कोणाला न विचारता स्मूदीतून एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य देते! ते उघड झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. आणि शेवटी बहुतेकांचं भलंच होतं. म्हणजे गुण आला की न विचारता पाजलेलं चालतं? लेखिकेला हेच म्हणायचंय का?

हेमांगी_स:
नाही गं, मला तसं वाटत नाही. मार्कोनी कुटुंबाचे भाग परत वाच. त्यांच्या मुलाने, झॅकने, जीव दिला त्याला तीन वर्षं झालीत आणि घरातला प्रत्येक जण दोष स्वतःवर घेऊन बसलाय, एकमेकांना न सांगता. वडील नेपोलियनने त्या सकाळी गजर बंद करून पुन्हा डोळे मिटले. बहीण झोईचं भावाशी बोलणं तुटलं होतं. आई हेदर सुईण, तरी झॅकच्या दम्याच्या औषधाचे दुष्परिणाम तिने वाचले नव्हते. आता आठव, "आम्हाला काय देताय?" असं माशाला तोंडावर कोण विचारतं? हेदरच. मुलाच्या औषधाबद्दल जे विचारायचं राहिलं, ते ती इथे विचारते. लेखिका कोणाच्या बाजूची आहे ते मला तिथे कळलं.

औषधवाला:
माझं मेडिकल आहे, म्हणून हेदरचा भाग फार लागला. दम्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टवर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा छापायला लावला: मनःस्थितीत बदल, आत्महत्येचे विचार. कादंबरी त्याच्या आधीची. हा त्रास सगळ्यांना होत नाही, आणि मनाने औषध बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. पण मूल एकदम गप्प झालं, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर लगेच सांगा. गोळ्या देताना मी आईवडिलांना हे आवर्जून बोलतो.

पानगळ:
हेमांगी, हेदरचा प्रश्न मी रहस्य फुटण्याच्या घाईत वाचला होता, त्यामागचा झॅक दिसलाच नाही. माशावरचा राग तसाच आहे. पण लेखिकेवरचा गेला.

कोकणकडा:
रहस्यकथा म्हणून मला फसलेली वाटली. सगळ्यांना कोंडून ठेवल्यावरची पानं लांबलीत, भीती टिकत नाही. माणसं मात्र खरी आहेत. २०२१ ची मालिका पाहणार असाल, तर गोष्ट कॅलिफोर्नियात नेली आहे, चित्रीकरण मात्र ऑस्ट्रेलियातल्या बायरन बेच्या परिसरातलं. निकोल किडमन माशा झालीय. आधी पुस्तकच वाचा, हेदर तिथेच नीट भेटते.