विषय: म्युनिकच्या मराठी मंडळाची शनिवारची श्रवणबैठक – गाण्यांची यादी आणि पाच मिनिटांची अट

मंदार:
लोकहो, यादी अजून अर्धीच आहे, आणि आलेल्यातल्या अर्ध्या नोंदी निरुपयोगी. "घेई छंद" तिघांनी लिहिलंय. कुणाचं? "अभंग – भीमसेनजी" म्हणजे कुठला? कृपया शीटमध्ये गायकाचं नाव आणि लिंक टाका.

नियम मागच्या वेळचेच. एका घराचं एक गाणं. आधी एक मिनिट बोला, ते का आवडतं, कुठे ऐकता वगैरे. गाणं पाच मिनिटांच्या आत. त्याहून मोठं असेल तर पाच मिनिटं झाली की मी आवाज हळूहळू कमी करीन. हॉल साडेनऊला रिकामा करून द्यायचाय. दहानंतर वरच्या मजल्यावरच्या आजीबाई काय करतात ते दिवाळीला सगळ्यांनी पाहिलंय.

वडे निवेदिताकडे आहेत. आणखी कुणी वडे आणू नयेत.

शरदकाका:
> मी आवाज हळूहळू कमी करीन

मंदार, असलं काही करायचं असेल तर माझं नाव यादीतून काढ. भीमसेनांचा अभंग. टाळ लागलेत, बुवा आत्ता कुठे विठ्ठलाच्या नावाशी खेळायला लागलेत, आणि तू बटण फिरवणार! गाणं म्हणजे काय नळ आहे का?

मी माझी एल.पी. आणि टर्नटेबल घेऊन येतोय, हे मागच्या बैठकीतच ठरलं होतं. सुलभाताई साक्षीला आहेत. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं संगीत असतं. मी सगळी बाजू मागत नाही, एक अभंग मागतोय. हल्ली चालता चालता, भांडी घासता घासता, कानात बोंडं खुपसून जे चालतं त्याला मी ऐकणं म्हणत नाही. तबकडी काढायची, पुसायची, सुई टेकवायची आणि गप्प बसायचं. वर्षातून एकदा तरी मंडळाने असं बसावं.

कल्याणी:
काका, कानात बोंडं खुपसणाऱ्यांपैकी मी एक :) गार्खिंगहून यू-सिक्स मेट्रोने गावात येईपर्यंत माझं किशोरीताईंचं "अवघा रंग एक झाला" डोळे मिटून ऐकून होतं. कुणी बोलत नाही, कुणी चहा विचारत नाही. हेडफोनमध्ये तानपुरा जसा कानाच्या मागून येतो तसा तो मला घरी कधीच ऐकू आला नव्हता, कारण घरी एकीकडे कुकर आणि एकीकडे मालिका. होस्टेलच्या भिंती इतक्या पातळ आहेत की स्पीकर लावला तर पलीकडचा मुलगा भिंतीवर थाप मारतो, तीही तालात नाही.

माझं गाणं: "सैराट"मधलं "याड लागलं". त्यातली व्हायोलिनं लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलीत. फोनवर ती कळतच नाहीत, म्हणून प्रशांतदादाच्या स्पीकरवर ऐकायचंय.

"दमलेल्या बाबाची कहाणी" यंदा कुणी घेतलंय का? मागच्या वेळी ते लागलं आणि नंतर बराच वेळ कुणी बोलायलाच उठेना. शेवटी ठेवा प्लीज.

प्रशांत:
तांत्रिक मुद्दे, एकदाच लिहितो.

काका, टर्नटेबल थेट मिक्सरला लावता येत नाही. मध्ये फोनो प्री-अ‍ॅम्प लागतो. तबकडी कोरताना खर्जाचा भाग मुद्दाम दाबलेला असतो आणि वाजवताना तो पुन्हा उचलावा लागतो. नाहीतर भीमसेनजी टेलिफोनवरून गातायत असं वाटेल. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी असेल तर तिला वेगळी जाड सुई लागते, आणि बहुतेक नव्या टर्नटेबलवर तो वेगच नसतो. शिवाय हॉलची जमीन लाकडी आहे. मुलं पळाली की सुई उडणार. मुलांना पळू नका म्हणून सांगणारा माणूस मी नाही.

यूट्यूबवरून थेट काहीही लावणार नाही. अभंग संपतो ना संपतो तोच वॉशिंग मशीनची जाहिरात, हे एकदा झालंय, पुरे. गाण्यांची नावं गुरुवारपर्यंत द्या, मी सगळी उतरवून एका क्रमाने लावून ठेवतो.

मिक्सरला माझ्याशिवाय कुणी हात लावू नये. "फक्त थोडासा वाढवला" हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही.

गिरीश:
"घेई छंद"वाल्या तिघांत मी आहे. मला वसंतराव देशपांडे हवेत, १९६७ च्या "कट्यार"मधले. २०१५ च्या चित्रपटातलं नको. त्यात राहुल देशपांडेंचं एक आहे आणि शंकर महादेवन यांचं एक, दोन्ही उत्तम, नातवाने तर आजोबांची गादी सांभाळलीच आहे. पण वसंतरावांची ती तान ऐकून माझ्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला होता, तो निवला तरी उचलला नाही. बाकी दोघांनी चित्रपटातलं घ्यावं, म्हणजे तुलनाही होईल. अभिषेकीबुवांची मूळ चाल किती वेगवेगळ्या अंगांनी जाते ते कळेल.

सुलभाताई:
शरदराव, मी साक्षीला आहे खरी, पण पाच मिनिटांत अपमान कसला? ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. बालगंधर्व, हिराबाई, अब्दुल करीम खाँ सगळे त्याच मापात गायले. आलाप कापला, तान नेमकी ठेवली, आणि ती तीन मिनिटं लोक पुढे जन्मभर गुणगुणत राहिले. भावगीत एवढ्याच आकाराचं झालं त्यामागे तबकडीचाही हात आहे, असं मला वाटतं.

मंदारला एक सुचवते. प्रत्येकाने एक मिनिट बोलायचं म्हणजे चार मिनिटं होणार, हे आपण सगळे जाणतो. त्यापेक्षा आकाशवाणीच्या "आपली आवड"सारखं करा. निवेदकाने फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचायची आणि गाणं लावायचं. एकाच गाण्याला तिघं असतील तर तिघांची नावं एका दमात. आमच्याकडे रेडिओच्या कपाटाला कुलूप असायचं, पण "आपली आवड"च्या वेळी ते उघडं. आपण कधी पत्र पाठवलेलं नसलं तरी गावाचं नाव आलं की कान टवकारायचे. आणि "गीतरामायण"! १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे केंद्रावर सुरू झालं ते वर्षभर, ५६ गाणी. आठवड्याला एक नवं गाणं. आई सांगायची, ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओटीवर सगळी आळी. आज शोधलं की छप्पन्नच्या छप्पन्न सापडतात, आणि आपण तिसऱ्यावरच थांबतो.

दिलीप:
सुलभाताई, हिंदीवाल्यांचं "बिनाका गीतमाला" विसरू नका, अमीन सायानी. १९५२ साली आकाशवाणीने सिनेसंगीताला जवळजवळ दार लावलं म्हणून सगळा देश रेडिओ सिलोन लावायला लागला. १९५७ मध्ये विविध भारती काढली तीही त्यावर उतारा म्हणूनच. गीतमालेमुळे आमच्याकडे बुधवारी रात्री गणिताचा अभ्यास कधीच व्हायचा नाही.

पण माझा खरा प्रश्न वेगळा. गेमाला, म्हणजे संगीताच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या इथल्या संस्थेला, कळवलंय का? आपण दारात पाच युरो घेतो. ध्वनिमुद्रित असलं तरी सार्वजनिक वाजवणं ते वाजवणंच. हॉलचं क्षेत्रफळ आणि तिकीट पाहून ते आकारतात. नंतर पत्र आलं तर कोण भरणार? गेमा काय चीज आहे ते नव्या मंडळींना माहीत नाही. २००९ पासून २०१६ च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांचं आणि यूट्यूबचं जमत नव्हतं, तेव्हा जर्मनीत बसून गाणं शोधलं की रडक्या तोंडाची पाटी यायची. पुण्याहून भाचा फाइली पाठवायचा.

मंदार:
दिलीपराव, गेमाचा फॉर्म गेलाय. दरवर्षी जातो. खर्चाच्या तक्त्यात ओळ आहे, जी दरवर्षी कुणी वाचत नाही.

अमोल:
यादी आत्ता नीट वाचली. भावगीत, नाट्यगीत, अभंग, भावगीत, अभंग. एक कोळीगीत आहे, तेही "मी डोलकर". १४ एप्रिल पुढच्याच आठवड्यात आहे आणि भीमगीत एकही नाही.

माझं गाणं: वामनदादा कर्डकांचं "भीमा तुझ्या जन्मामुळे". नांदेडला वडिलांच्या टेम्पोत प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटी असायच्या. मंडळात प्रल्हाद शिंदे म्हटलं की सगळ्यांना फक्त "पावले चालती पंढरीची वाट" आठवतं. त्यांनी भीमगीतं आणि कव्वाल्याही तेवढ्याच ताकदीने गायल्यात. आमच्याकडे ही गाणी बसून ऐकायची नव्हतीच. चौकात, मिरवणुकीत, मंडपात, भोंग्यावर ऐकायची. शरदकाकांच्या व्याख्येत तेही ऐकण्यात बसतं का, ते त्यांनी सांगावं.

मी शीटमध्ये टाकलं तर शेजारी शेरा आलाय, "बैठकीच्या मूडला जाईल का?" कुणाचा आहे माहीत नाही.

मंदार:
शेरा माझा. "झिंगाट"च्या शेजारीही तोच आहे, बघ. ढोलकी-ताशा असलेली गाणी कुठल्या क्रमाने लावायची एवढंच ठरवायचं होतं. तुझं गाणं पहिल्या भागात घेतलंय. शेरा काढला.

शरदकाका:
प्री-अ‍ॅम्प माझ्याकडे आहे. आणि ७८ ची गोष्ट कुणी काढली? माझी एल.पी. आहे, ३३ वर चालते. प्रशांतने उगाच लोकांना घाबरवू नये. सुई उडू नये म्हणून खाली फरशीचा तुकडा आणि त्यावर जाड सतरंजी घालीन.

अमोल, चौकात मान वर करून ऐकत उभा राहिलेला माणूस माझ्या व्याख्येत पहिला बसतो. माझी तक्रार भांडी घासणाऱ्यांबद्दल आहे.

कल्याणी:
भांडी घासताना ऐकणारी माझी आजी "जाईन विचारित रानफुला" कडव्यासकट म्हणते काका.

शैला:
मी गोव्याच्या लॉर्ना यांचं "बेबदो" दिलंय. त्यापुढे कुणीतरी "कोंकणी??" अशी दोन प्रश्नचिन्हं ठेवलीत. ठीक. मग अभिषेकीबुवा काढा, ते मंगेशीचे. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, म्हणजे लताबाई-आशाबाईही थोड्या आमच्याच. मोगूबाई कुर्डीच्या, त्यांच्या मागोमाग त्यांची लेक किशोरीताई. उरलेल्या यादीवर बैठक करून दाखवा.

आणि पाच मिनिटांबद्दल. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं "जात कहाँ हो" १९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर घातलं. साडेतीन मिनिटं. सूर्यमालेबाहेर पाठवायला साडेतीन मिनिटं पुरली, आपल्या हॉलला पाच का पुरू नयेत?

शरदकाका:
शैलाताई, त्याच तबकडीवर बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा अख्खा पहिला भाग आहे. सात मिनिटांहून जास्त. जर्मनांना सात आणि आम्हाला साडेतीन, हे तुम्हाला चालतं? तेही जर्मनीत बसून?

दिलीप:
नाही तरी बीथोव्हेन मंदारच्या तावडीत सापडला नव्हता. हा हा.

गिरीश:
तबकडीवर गेलं म्हणजे केसरबाईंनी पसंत करून दिलेलं असं नाही. मैफलीत त्या राग मांडायला किती वेळ घ्यायच्या, ते जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय. मी काकांच्या बाजूने.

मंदार:
बरं. आवाज कमी करणं रद्द. अंतिम: पाच मिनिटांच्या आतली सगळी गाणी जेवणाआधी. नावं निवेदक वाचेल, सुलभाताई म्हणतात तसं. भीमगीत, "बेबदो" आणि "झिंगाट" एकापाठोपाठ, मग मुलांसाठी "नाच रे मोरा" आणि जेवण. मोठी गाणी जेवणानंतर, ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबावं, नऊपर्यंत. काकांची एल.पी. तिथे.

शरदकाका:
जेवणानंतर म्हणजे वडे खाऊन पेंगुळलेले लोक. त्यापेक्षा सुरुवातीला लावा.

प्रशांत:
सुरुवातीला नाही. टर्नटेबल जोडायला मला अर्धा तास शांतपणे हवा आणि तो फक्त जेवणाच्या वेळात मिळतो. थांबणाऱ्यांनी खुर्च्याही लावायच्या आहेत, तेही या निमित्ताने लिहून ठेवतो.

सुलभाताई:
शरदराव, मी थांबते. गिरीश थांबेल. कल्याणीची गाडी किती वाजता असते ते विचारा, तिलाही थांबवू. ज्यांना ऐकायचं तेवढेच लोक समोर असणं हे भीमसेनांना जास्त आवडलं असतं.

कल्याणी:
थांबते! पण परत जाताना मारिएनप्लाट्झपर्यंत कुणाची गाडी असेल तर सांगा.

शरदकाका:
सोडीन मी. गाडीत मात्र माझी गाणी.

निवेदिता:
जेवणानंतर बैठक म्हणजे दुसरा चहा लागेल. मंडळाचा मोठा थर्मास दिवाळीपासून कुणाकडे आहे? पांढरा, झाकणाला निळी पट्टी. ज्यांच्याकडे असेल त्यांनी शनिवारी चारपर्यंत आणावा. नसेल तर चहा एकदाच होईल, आणि तो मी सांगितलेल्या वेळीच होईल.

प्रशांत:
थर्मास मिक्सरच्या टेबलावर ठेवायचा नाही.