२६/११ : म्हणे कोळ्यांचे डोळे मिटलेले होते!

दर्याकर :
काल ठाणेकरांनी लिहिलं, "दहा जण बोटीतून उतरले, किनाऱ्यावरचे काय झोपले होते? डोळे उघडे ठेवले असते तर १६६ जीव वाचले असते." रात्रभर डोकं फिरलंय. साहेब, त्या हल्ल्याचे पहिले बळी मच्छीमारच होते. पोरबंदरच्या 'कुबेर'वरचे चार खलाशी मारले, तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या कप्तानाकडून, मुंबईपर्यंत बोट हाकून घेतली आणि मग त्यालाही मारलं. कफ परेडच्या मच्छीमार नगरला रबरी होडी लागली तेव्हा आमच्याच लोकांनी हटकलं होतं.

ठाणेकर :
हटकलं आणि सोडलं! १९९३ला रायगडच्या शेखाडीला बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, तेही समुद्रातूनच. पंधरा वर्षांनी पुन्हा तीच वाट.

दर्याकर :
शेखाडी तर काढूच नका. तिथे कस्टमवाल्यांनी डोळेझाक केली, कोर्टात शिक्षा झाल्या त्यांना. आणि २६/११नंतर ओळखपत्राचं कार्ड कुणाच्या गळ्यात आलं? आम्हा मच्छीमारांच्या. माझे वडील सत्तरीचे. ऐन पाण्यात बोट थांबवतात, ते ओल्या हातांनी प्लॅस्टिकची पिशवी सोडून कार्ड दाखवतात. चाळीस वर्षं त्याच दर्यावर आहेत!

लोकलवाली :
तुम्ही किनाऱ्यावरच भांडा. सीएसटीला ५८ माणसं गेली, त्यांचं कोण बोलतं? टीव्हीवर तीन दिवस ताजचा घुमट. माझा मामा लांब पल्ल्याच्या हॉलमध्ये पोळीभाजीचा डबा उघडून बसला होता. मांडीत गोळी. डबा मामीने अजून ठेवलाय, झाकण चेपलेलं. मदतीसाठी एका कार्यालयात सात खेपा घातल्या, दर वेळी नवा कागद.

जुनाखाकी :
ताई, समोर एके-४७ आणि आमच्या पोरांच्या हातात थ्री नॉट थ्री, नाहीतर लाठी. तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक उघड्या हातांनी धरली, म्हणून तो जिवंत सापडला आणि कराचीचा कट जगासमोर आला. मी तीस वर्षं नोकरी केली. गोळीबाराचा सराव किती वेळा झाला, ते बोटांवर मोजून सांगतो.

लोकलवाली :
पोलिसांना मी एका शब्दाने बोलले नाही. स्टेशनवर घोषणा करणाऱ्या विष्णू झेंडेंनी माइकवरून लोकांना मागच्या बाजूने बाहेर काढलं नसतं तर आकडा कुठे गेला असता! पण मामा लंगडतो, ते कुणाच्या खात्यात टाकायचं?

ठाणेकर :
लष्कर-ए-तोयबाच्या खात्यात! मूळ दोषी कराचीत फोनवर बसले होते, आपण इथे एकमेकांचे गळे धरतोय.

दर्याकर :
सुरुवात तुम्हीच केलीत.

ठाणेकर :
बरं, 'झोपले होते' हा शब्द मागे घेतो. तेवढाच. इशारे आधी आले होते, ताजचा बंदोबस्त वाढवून पुन्हा सैल केला, एनएसजीचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून यायला पहाट झाली; हा दोष कोळ्यांचा नाही, कबूल. पण कार्ड तपासायलाच हवं.

दर्याकर :
तपासा ना. वडिलांना 'ए म्हाताऱ्या' म्हणू नका, एवढंच.