मदत हवी आहे: बिटकॉइन वॉलेट बारा शब्द घेतच नाही

सातारकर_नि: तातडीने मदत हवी आहे. जुना फोन पाण्यात पडून गेला. नव्या फोनवर वॉलेट टाकलं, वॉलेट सुरू करताना त्याने दिलेले, पैसे परत मिळवायचे बारा शब्द वहीत होते ते भरले, तर 'फ्रेज चुकीची' म्हणतंय. सात-आठ वेळा करून झालं. शब्द बरोबरच आहेत, मी सांगत होतो आणि बाबा लिहून घेत होते. दोन वर्षं दर महिन्याला थोडे थोडे घेतलेले बिटकॉइन आहेत. एका एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीच्या कंपनीकडे, पैसे अडकले होते, तेव्हापासून स्वतःच्या ताब्यात ठेवतो. काय करू?

मंदार७: वॉलेट कुठलं? पासफ्रेज, म्हणजे बारा शब्दांवर वेगळा पासवर्ड, लावली होती? एखाद्या शब्दाखाली लाल रेघ येते की सगळे भरल्यावर नकार?

सातारकर_नि: फोनवरचंच साधं वॉलेट. पासफ्रेज नाही. लाल रेघ नाही, शेवटी नकार. शब्द इथे टाकू का? कुणाला तरी चूक दिसेल.

गौरी_क: एकही शब्द टाकू नका! ज्याच्याकडे बारा शब्द, त्याचे पैसे. गेले तर तक्रार घ्यायला बँकेसारखं कुणी बसलेलं नाही. 'काढून देतो' असा खाजगी निरोप आला तर उत्तरही देऊ नका.

आबा_पेण: म्हणून सांगतो, सामान्य माणसाने एक्स्चेंजवरच ठेवावं. पासवर्ड विसरलात तर ओटीपी येतो. मी चार वर्षं तेच करतोय.

गौरी_क: आबा, एक्स्चेंजच बुडालं तर ओटीपी घेऊन काय करणार? 2014 ला माउंट गॉक्स, 2022 ला एफटीएक्स. लोक वर्षानुवर्षं हेलपाटे घालत राहिले.

आबा_पेण: आणि इथे वही हातात आहे तरी पैसे दिसत नाहीत. त्या पोराला काय फरक पडला?

करसल्ला_ठाणे: विकताना लक्षात ठेवा, नफ्यावर 30 टक्के कर आणि जुलै 2022 पासून 1 टक्का टीडीएस. तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही.

मंदार७: विकायचं कोण म्हणतंय? आधी सापडू दे. सातारकर, या इंग्रजी शब्दांची यादी 2048 ची ठरलेली असते. यादीबाहेरचा शब्द आला तर बहुतेक वॉलेट तिथेच अडवतात. तुमचे बाराही यादीतले आहेत, पण एकमेकांशी जुळत नाहीत. शेवटच्या शब्दात आधीच्यांची पडताळणी दडलेली असते. म्हणजे एखाद्या शब्दाच्या जागी यादीतलाच दुसरा शब्द बसलाय, किंवा क्रम चुकलाय. वहीत लिहिलेत कसे?

सातारकर_नि: कसे म्हणजे? मराठीत. बाबा देवनागरीतच लिहितात. उच्चार नीट आहेत, क्रमांकही घातलेत.

मंदार७: हे आधी सांगायचं ना! 'सेल' लिहिलं तर विकणंही होतं आणि शीडही. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम की वाया घालवणं? 'टेल' म्हणजे शेपूट की सांगणं? या सगळ्या जोड्या त्या यादीत आहेत. तुमचे शब्द इथे न लिहिता असे दुहेरी शोधा. दोन निघाले तर चारच प्रयत्न. एक लक्षात ठेवा, चुकीचा प्रयत्नही सोळात एकदा चालून जातो, मग वॉलेट उघडतं पण रिकामं दिसतं. घाबरू नका, पुढचा करा. सगळं स्वतःच्याच फोनवर, कुठल्याही वेबसाइटवर नाही.

सुमित_नाशिक: माझ्या ओळखीचा एक मुलगा रिकव्हरी करतो, दहा टक्के घेतो.

गौरी_क: चार प्रयत्नांसाठी दहा टक्के? आणि बारा शब्द परक्याच्या हातात?

सातारकर_नि: मिळाले!! बाबा भिंग घेऊन शेजारी बसले. मी एकेक शब्द म्हणायचो आणि ते विचारायचे, "म्हणजे काय रे?" सातव्या शब्दाला मी अर्थ सांगितला तर म्हणाले, "त्या दिवशी तू हा अर्थ नव्हता सांगितलास." त्याच उच्चाराचा दुसरा शब्द भरला आणि सगळी शिल्लक आली. हात अजून थरथरतायत. मंदारदादा, गौरीताई, खूप आभार. बाबांनी आत्ताच प्रत्येक शब्दापुढे इंग्रजी स्पेलिंग लिहून काढलं, दोन प्रती. एक आत्याकडे बंद पाकिटात जाईल.

मंदार७: छान. आता बाकीची रक्कम तात्पुरती दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवा, इथे थोडीच ठेवून वॉलेट एकदा पुसा, नव्या प्रतीवरून परत उघडून बघा. मगच बाकीची आणा.

गौरी_क: आणि आत्याला सांगून ठेवा की पाकिटाचा फोटो काढायचा नाही.

आबा_पेण: हे शब्द स्टीलच्या पट्टीवर ठोकून ठेवतात म्हणे. पट्टी कुठे मिळते? कोरणाऱ्याला शब्द न दाखवता घरी जमतं का?