फिजिकल आणि व्हर्च्युअल टर्मिनल सर्व्हर एका फार्ममध्ये घातले, म्हणजे डीआर (डिझास्टर रिकव्हरी, मोठ्या संकटानंतर काम पुन्हा उभं करायची सोय) झाली का?

भोसरीचा_अ‍ॅडमिन
आमच्या कारखान्यात अकाउंट्स आणि स्टोअरची मिळून चाळीस माणसं रिमोट डेस्कटॉपवरून, म्हणजे टर्मिनल सर्व्हरवर लॉगिन करून, टॅली चालवतात. दोन जुने फिजिकल सर्व्हर होते, आता हायपर-व्हीवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) तिसरा व्हर्च्युअल आलाय. सल्लागाराने तिन्ही एका कलेक्शनमध्ये (सर्व्हरचा गट, म्हणजेच फार्म) घातले, पुढे कनेक्शन ब्रोकर बसवला आणि साहेबांना सांगून टाकलं, "डिझास्टर रिकव्हरी झाली."
मला पटत नाही. कोणाला कुठल्या सर्व्हरवर पाठवायचं आणि कोणाचं तुटलेलं सेशन (सर्व्हरवर उघडं असलेलं काम) कुठे पडलंय, एवढंच ब्रोकर बघतो. सर्व्हरच बसला की त्यावरचं सेशन संपलं. गेल्या महिन्यात एकाचा पॉवर सप्लाय उडाला, तेव्हा स्टोअरच्या काकांचं अर्धं भरलेलं व्हाउचर गेलं. पाच मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन झालं, हे मान्य. पण तिन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर आहेत. खोलीत पाणी शिरलं तर?

कोथरूडकर_नेटवर्क
पाणी शिरेल तेव्हा शिरेल. तुमच्याकडे गेला तो पॉवर सप्लायच ना? लहान कंपनीत रोजचं संकट तेच. मी तर म्हणतो मिश्रण हवंच. हायपर-व्हीचा होस्ट (ते ज्यावर चालतं ते मशीन) बसला तर फिजिकल दोन उभे राहतात. जुनं मशीन दमतं म्हणाल, तर कलेक्शनमध्ये प्रत्येक सर्व्हरला वेगळं वजन देता येतं, जुन्याला कमी द्या.
शिवाय पगाराच्या सॉफ्टवेअरचा यूएसबी डोंगल (लायसन्सची किल्ली) असेल तर? हायपर-व्हीत तो व्हर्च्युअल मशीनला सरळ जोडता येत नाही.

भोसरीचा_अ‍ॅडमिन
डोंगल आहे, आणि एकच आहे. ज्या फिजिकलला तो लावलाय तोच गेला, की पगार अडकला. मग तीन सर्व्हर असून काय उपयोग?

ठाण्याची_सिसअ‍ॅडमिन
मी दोघांच्याही विरोधात. सेशन होस्ट (लोक लॉगिन करतात ते सर्व्हर) वाचवायची एवढी धडपड कशाला? ते टेम्प्लेटवरून नवे उभे करता येतात. जपायचं ते युजर प्रोफाइल (प्रत्येकाचा डेस्कटॉप आणि सेटिंग), टॅलीचा डेटा आणि ब्रोकर.
१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार सकाळ. मुंबई-ठाण्याची वीज गेली. पुण्यातले आमचे राखीव होस्ट झटपट उठले, पण प्रोफाइलच्या फाइल शेअरची प्रत तिकडे गेलेलीच नव्हती. लोकांना कोरा डेस्कटॉप! (तोही मोजक्यांनाच. लॉकडाऊनमुळे बाकीचे घरून काम करत होते आणि त्यांच्याच घरी वीज नव्हती.)
म्हणून सगळं व्हर्च्युअल करा. हायपर-व्ही रेप्लिका दर ३० सेकंदांनी, ५ किंवा १५ मिनिटांनी बदल दुसऱ्या जागी पाठवते, पण फक्त व्हर्च्युअल मशीनचे. फिजिकल डबा तिच्या हिशेबात येतच नाही.

कोथरूडकर_नेटवर्क
ताई, भोसरीत लाइन दिवसातून दोनदा तुटते, ३० सेकंदांचं काय घेऊन बसलात? दुसऱ्या जागेचं भाडं आणि लायसन्स कोण भरणार? माझ्या मते आधी दुसरा यूपीएस घ्या आणि एक सर्व्हर गेटजवळच्या ऑफिसात हलवा.

ठाण्याची_सिसअ‍ॅडमिन
दुसऱ्या यूपीएसला माझी ना नाही. पण मला एक सांगा, ब्रोकर कुठे बसवलाय?

भोसरीचा_अ‍ॅडमिन
त्याच हायपर-व्हीवर. एकच.

ठाण्याची_सिसअ‍ॅडमिन
झालं! म्हणजे हायपर-व्ही बसला, की कोथरूडकरांचे दोन फिजिकल चालू राहतील आणि त्यांच्यात शिरायचा दरवाजा बंद. विंडोज सर्व्हर २०१२ पासून दोन ब्रोकर एका एसक्यूएल डेटाबेसवर एकाच वेळी चालवता येतात. तो डेटाबेस मात्र त्याच होस्टवर ठेवू नका.

कोथरूडकर_नेटवर्क
ब्रोकरचं मान्य, ते माझ्या नजरेतून सुटलं. दुसरा ब्रोकर फिजिकलवर टाका. फिजिकल काढून टाका हे मात्र अजूनही मान्य नाही.

भोसरीचा_अ‍ॅडमिन
शनिवारी दुसरी शिफ्ट सुटली की ब्रोकरची केबल काढून बघतो. साहेबांना आधी सांगू का?

ठाण्याची_सिसअ‍ॅडमिन
सांगा. आणि काकांना आधी व्हाउचर सेव्ह करू द्या.